चौदा नंबरची काच

"काच नीट धुतलेली नव्हती. दुसरं काही नाही. कर सही."

मी रजिस्टर मालनच्या पुढ्यात आपटलं. बेसिनचा नळ चालू होता. तिनं तो बंद केला, हातातले रबरी मोजे काढले, पदराला हात पुसले आणि शेवटच्या ओळीखाली बोट फिरवत एकेक शब्द वाचला. 'नमुना क्र. १४. बाद. कारण : काच अस्वच्छ.' पुढचा चौकोन तिच्या सहीसाठी रिकामा होता.

"मी न्हाई सही करणार," ती म्हणाली.

"का?"

"काच स्वच्छ हुती."

"मालन, मला वाद घालायला वेळ नाहीये. गुरुवारी समिती येतेय."

"येऊ दे की. मी काय नको म्हणतो व्हय? पर काच स्वच्छ हुती."

आमच्या भागातल्या बायका 'म्हणतो, करतो, जातो' असंच बोलतात. आणि एकदा 'न्हाई' म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी त्याचं 'व्हय' होत नाही.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी, त्रिशला मगदूम, तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पीएचडी करत होते, चौथं वर्ष सुरू होतं, आणि राग माझ्या नाकावर नव्हे, नाकाच्या शेंड्यावर असायचा. आई म्हणायची, ही पोरगी सासरी नांदायची नाही, म्हणून प्रयोगशाळेत नांदतेय. मालन लोहार आमच्या विभागातली परिचर. दहावी पास, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. विभागातली सगळी काचेची भांडी, नळ्या आणि माझ्या प्रयोगाच्या काचपट्ट्या तीच धूत असे. त्या वेळी तिला आठवा महिना होता. पोट बेसिनच्या कडेला टेकायचं, म्हणून ती जरा तिरकी उभी राहून धुवायची.

माझं काम द्रवस्फटिकांवर होतं. घड्याळाच्या नाहीतर कॅलक्युलेटरच्या पडद्यात असतो तोच पदार्थ. धड पाणी नाही, धड खडा नाही. त्याचे रेणू काडीसारखे लांबट असतात, आणि प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे सगळे एका दिशेनं तोंड करून राहतात. टिकलीएवढी तांब्याची जाळी काचेवर ठेवायची, तिच्यात द्रवस्फटिकाचा थेंब सोडायचा, वर साबणाच्या जातीच्या एका द्रव्याचं पाणी घालायचं. त्या साबणामुळे सगळ्या काड्या सरळ उभ्या राहतात, आणि खास भिंगांच्या सूक्ष्मदर्शकातून जाळी काळीकुट्ट दिसते. आता त्या पाण्यात माणसाच्या लघवीचे चार थेंब टाका. माणूस धडधाकट असेल तर जाळी काळीच राहते. पण यकृताचं दुखणं असेल, तर लघवीतून पित्ताची आम्लं उतरतात. ती साबणाला हुसकावून त्याची जागा घेतात, काड्या आडव्या पडतात आणि जाळी लख्ख उजळते. सुई नको, मोठं यंत्र नको, नुसतं बघायचं. काळं म्हणजे बरं आणि उजेड म्हणजे दुखणं.

मिरजेच्या डॉ. फरिदा मोमीन यांनी यकृताच्या बारा रुग्णांचे नमुने दिले होते. बाराच्या बारा उजळले. आता राहिले निरोगी माणसांचे वीस नमुने. ते विभागातल्याच लोकांनी दिले. गुरुवारी समिती येऊन बघणार होती. वीसच्या वीस काळे निघाले तर फेलोशिप वाढणार, नाही तर काम बंद. 'निरोगी माणसालाही रोगी ठरवणारी जाळी कुणाला हवी?' हे वाक्य समितीतल्या एकानं मागच्या खेपेलाच ऐकवलं होतं. चार वर्षं त्या टिकलीएवढ्या जाळीत गेली होती. मला दुसरं काहीही येत नव्हतं.

सोमवारी सकाळपर्यंत एकोणीस काळे निघाले. आणि चौदा नंबर दिवाळीसारखा उजळला. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तसं झालं.

काच जरा जरी तेलकट राहिली तरी काड्या वेड्यावाकड्या पडतात आणि खोटा उजेड दिसतो, हे खरं होतं. तसं पूर्वी दोनदा झालंही होतं. पण त्या सकाळी मी काच तपासली का? नाही. मला चौदा नंबर नको होता, बस्स. आणि नमुना बाद करायचा तर कारण लिहून संबंधित माणसाची सही घ्यायची, असा आमच्या हेरवाडकर सरांचा नियम होता. ते माझे मार्गदर्शक. गालात लवंग धरून हळू बोलणारे, आणि नियमाच्या बाबतीत साक्षात यमधर्म.

"सही केली नाहीस तर मी सरांना सांगेन," मी मालनला म्हटलं.

"सांगा. मी बी सांगतो." तिनं एक तळवा बेसिनच्या कडेवर खसाखसा घासला. "आट वर्सं काचा धुतोय मी. साबणानं, मग ॲसिडनं, मग तीन बार गाळीव पाण्यानं. उजेडाला धरून बगतो. डाग दिसला तर परत पयल्यापासनं. चुकलं तर चुकलं म्हणतो. मागं दोन काचा माज्या हातनं ऱ्हाईल्या, तवा केली का न्हाई सही?"

केली होती, न मागता. तरी मी गप्प बसले नाही. "तुझं लक्ष नसतं आजकाल. सारखी हात खाजवत असतेस. मोजे घाल म्हटलं तर घालत नाहीस."

"घालतो की. हे काय. तरी बी खाजतंय."

"मग साबण बदल! पण माझं काम नासवू नकोस."

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "मॅडम, भात करपला तर तांदूळ वाईट का चूल वाईट, हे कसं वळकायचं? त्योच तांदूळ दुसऱ्या चुलीवर टाकायचा, आणि त्याच चुलीवर दुसरा तांदूळ टाकायचा. मी आता तुमच्यासमोर काचा धुतो. एकीवर चौदा नंबर घाला. दुसरीवर दुसरा कुठला बी घाला. दोन्ही उजळल्या तर मी सही करतो. वर नाक घासतो."

इतकी वर्षं विज्ञान शिकलेली मी, आणि तुलनेचा प्रयोग मला दहावी पास बाई शिकवत होती. अंगाचा तिळपापड झाला. पण 'नको' म्हणायला तोंड नव्हतं.

तिनं सहा काचपट्ट्या धुतल्या. मी बाजूला घड्याळ बघत उभी. मधे दोनदा ती थांबली, एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायाच्या घोट्यावर तळवा घासला, आणि परत धुवायला लागली. मला वाटलं, मुद्दाम वेळ काढतेय. काचा भट्टीत वाळल्या, मी त्यांवर लेप दिला, जाळ्या बसवल्या. तीन काचांवर फ्रिजमधला चौदा नंबर घातला. उरलेल्या तिन्हींवर तीन, नऊ आणि सतरा नंबर.

तीन काळा, नऊ काळा, सतरा काळा.

चौदा नंबरच्या तिन्ही काचा उजळल्या. पिवळा, गुलाबी, मोरपंखी, जाळीच्या चौकोनाचौकोनांत रंग भरलेले.

मी खुर्चीत टेकले. मालननं आठ वर्षांत एकदाही त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. कुणी म्हटलंच नव्हतं. आज ती विचारत होती, "बगू का मी?"

"बघ."

ती पोट सांभाळत वाकली. "अगं बया," म्हणाली, "किती छान दिसतंय वो! हे चांगलं का वाईट?"

"माझ्यासाठी वाईट."

"आणि ज्येचं आहे त्येच्यासाठी?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. सकाळपासून मी चौदा नंबरला नंबरच समजत होते. काच खोटी नाही, साबण खोटा नाही. मग तिसरं एकच उरतं. तो माणूस निरोगी नाही. आमच्या विभागात, रोज आमच्यासोबत चहा पिणारं कुणीतरी आजारी आहे, आणि ते त्याला माहीत नाही.

मी सरांच्या खोलीत गेले. नमुन्यांवर फक्त नंबर असत. कोणता नंबर कुणाचा, ती यादी बंद पाकिटात, सरांच्या कपाटात. काम संपेपर्यंत उघडायची नाही, हाही त्यांचाच नियम. मी सगळं सांगितलं, अगदी सहीवरून झालेलं भांडणसुद्धा. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"नाव फोडायचं नाही असं आपण लोकांना लिहून दिलंय, त्रिशला."

"हो सर. पण आजारी असलात तरी सांगणार नाही, असं नाही ना लिहून दिलं?"

त्यांनी लवंग या गालातून त्या गालात घेतली. मग उठले, कपाट उघडलं, पाकीट फोडलं आणि यादी माझ्यापासून लपवून एकट्यानं वाचली. माणसाचा चेहरा उतरतो म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं.

"मालनला बोलाव," ते म्हणाले. "आणि हे बघ, तिच्यावर आवाज चढवू नकोस."

"मालनचं इथं काय काम?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

ती आली. सरांनी तिला आधी बसायला लावलं. आठ वर्षांत ती त्या खोलीत कधी बसली नव्हती, म्हणून खुर्चीच्या अगदी टोकावर टेकली. "मालन, तूही नमुना दिला होतास?"

"दिला की सर. सगळ्यांनी दिला, मग मी का मागं ऱ्हाऊ? क्लार्कबाई म्हणाल्या, दे. चुकलं का?"

"नाही, चुकलं नाही. चौदा नंबर तुझा आहे."

तिला एकदम समजलं नाही. ती माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. "म्हंजे त्ये रंगीत? त्ये माजं व्हय?"

मला मात्र आदल्या शुक्रवारचं डोहाळजेवण आठवत होतं. विभागातल्या बायकांनी मिळून केलेलं. मालनला हिरवी साडी, हातात हिरवा चुडा, गळ्यात मोगऱ्याचे दागिने. दोन झाकलेल्या वाट्यांतली तिनं एक उघडली तर बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून टाळ्या पडल्या. आणि ती सारखी तळहात खाजवत होती. ग्रंथपाल कोठावळेबाई म्हणाल्या, तळहात खाजला की पैसा येतो गं. मालन म्हणाली, पायाचे तळवे पण लई खाजतात, झोप लागत न्हाई. तळपाय खाजला की प्रवास, असं दुसरी म्हणाली. आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले, "म्हणजे मालनला लॉटरी लागणार आणि मालन काशीला जाणार!" सगळ्या खो खो हसल्या, मालनही हसली. गावातल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं, साबणानं होतंय, खोबरेल लाव. आम्हालाही ते पटलं होतं. काचा धुणारीचे हात खाजणार नाहीत तर काय?

पण तळपायांनी कोण काचा धुतं?

"मालन," मी तिच्यासमोर खाली उकिडवी बसले, "ही खाज कधीपासून?"

"तीन आटवडं झालं."

"पुरळ, गांधी?"

"कायबी न्हाई. नुसतं आतनं खाजतंय." मग ती म्हणाली, "मागल्या खेपेला बी असंच झालतं."

"मागच्या खेपेला?"

"तुमास्नी ठावं न्हाई? पयलं बाळ." ती सरांकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. "नववा लागला आणि हालायचं बंद झालं. पोटातच ग्येलं. पोरगा हुता. नखं बी आलती. सगळी म्हणाली, नशीब."

मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मालन पोटुशी होती आणि मग महिनाभर आली नव्हती, एवढंच ठाऊक होतं; पुढं काय झालं ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या महिन्यात काचा वेळेवर मिळत नाहीत म्हणून मी सरांकडे लेखी तक्रार केली होती. परत आल्यावर तिनं मला फक्त एवढंच विचारलं होतं की मॅडम, किती काचा तुंबल्यात.

मी भौतिकशास्त्राची. बाळंतपणातलं मला काही कळत नव्हतं. पण पित्ताची आम्लं आईच्या रक्तात वाढली तर ती बाळापर्यंत पोचणारच, एवढा हिशेब कुणालाही करता येईल. मी डॉ. मोमीनना फोन लावला. दोन वाक्यं बोलले असेन. पलीकडून त्या म्हणाल्या, "खाज आहे का? तळव्यांना?" मी हो म्हटलं. "उद्या नको," त्या म्हणाल्या, "आत्ता घेऊन या."

सरांनी त्यांची जुनी मारुती काढली. एरवी बैलगाडीला पुढं जाऊ देणारे सर त्या दिवशी मिरजेच्या रस्त्यावर ट्रक मागे टाकत होते. मालन मागच्या सीटवर माझ्या शेजारी. एक हात पोटावर. तिचा नवरा संपत टेम्पो घेऊन निपाणीला गेला होता, त्याला फोन करून झाला होता.

"हालतंय का गं?" मी दर पाच मिनिटांनी विचारत होते.

"हालतंय. आता लाथ मारली." मग तिनं हळूच विचारलं, "मॅडम, गुरुवारची समिती?"

"मरू दे समिती."

"असं कसं? चार वर्सं झाली की तुमची."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती मला म्हणाली, रडू नगासा, काय हुत न्हाई. म्हणजे धीर कुणी कुणाला द्यायचा!

डॉ. मोमीन दारातच उभ्या होत्या. त्यांनी मालनचे डोळे पाहिले, तळवे पाहिले, आधीच्या बाळाचं सगळं विचारून घेतलं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना खाली बोलावलं. रक्त घेतलं, बाळाचे ठोके पाहिले. ठोके ठीक होते. यंत्रातून ते टक्टक्टक् असे खोलीभर ऐकू आले तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पित्ताम्लांचा तपास पुण्याला पाठवावा लागेल, दोन-तीन दिवस लागतील," डॉ. मोमीन मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण बाकीच्या खुणा सरळ दिसतायत. औषध आजच सुरू करते. ती इथंच राहील, रोज ठोके बघू. दिवस पूर्ण भरायची वाट बघायची नाही. सदतीस आठवडे झाले की बाळ बाहेर." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

मी म्हटलं, "मला कळलं नाही. तिनं सही केली नाही."

त्यांना काही बोध झाला नाही. तो सांगत बसायची ती वेळही नव्हती.

गुरुवारी समिती आली. मी वीसही नमुने मांडले. एकोणीस काळे, एक उजळलेला. तेच मागचे गृहस्थ म्हणाले, "निरोगी लोकांत एक दोषी? म्हणजे तुमची जाळी चुकते."

"नाही सर," मी म्हटलं. "आम्ही चुकलो. जिला निरोगी धरलं ती निरोगी नव्हती." तोपर्यंत पुण्याचा अहवाल आला होता. पित्ताम्लं असायला हवीत त्याच्या कितीतरी पट होती. मी कागद पुढं केला.

त्यांनी तो वाचला. "एका केसवरून काही सिद्ध होत नाही," म्हणाले. खरं आहे, होत नाहीच. फेलोशिप दोन वर्षं वाढायची ती सहा महिने वाढली. सर म्हणाले, पुष्कळ झालं. आणि खरंच पुष्कळ झालं. मी पीएचडी पूर्ण केली ती त्या सहा महिन्यांवर. ती जाळी पुढं बाजारात वगैरे काही आली नाही. मी आता पोरांना शिकवते आणि चांगली शिकवते, असं पोरंच म्हणतात.

शुक्रवारी मी रजिस्टर घेऊन मिरजेला गेले. मालन खाटेवर बसली होती, शेजारी संपत मोसंबी सोलत होता. मी 'बाद' शब्दावर काट मारली. 'काच अस्वच्छ' यावरही मारली. त्याखाली लिहिलं : 'काच स्वच्छ होती. वाचन बरोबर.' आणि आधी माझी सही केली.

मालननं प्रत्येक शब्दाखाली बोट नेत वाचलं. मग म्हणाली, "आता द्या पेन. आता करतो की मी सही." आणि 'मा. सं. लोहार' अशी तिची गोलगोल सही केली.

सोळाव्या दिवशी तिला कळा आणवल्या. मुलगी झाली. अडीच किलोची, आणि रडायला अशी खणखणीत की वरच्या मजल्यावर ऐकू गेली. बाळंतपणाचे डॉक्टर मितभाषी गृहस्थ होते. बाहेर येऊन हात पुसत ते संपतला म्हणाले, "बाळ-बाळंतीण सुखरूप. पण आणखी थांबलो असतो तर मी काही सांगू शकलो नसतो." संपत त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दोन पावलं मागं सरले. कुणीतरी आपल्या पाया पडावं असं त्यात माझं काय होतं? माझ्या हातात असतं तर सोमवारी सकाळी दहा वाजता चौदा नंबर मोरीत गेला असता. वर मी समितीपुढं उरलेले एकोणीसच्या एकोणीस काळे दाखवून पेढे वाटले असते. आणि नवव्या महिन्यात मालन परत महिनाभर आली नसती, तर मी पुन्हा तक्रार केली असती. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते घडलं नाही. ते मालनमुळे घडलं नाही. तिनं तिच्या धुतलेल्या काचेचा अपमान सहन केला नाही, म्हणून घडलं नाही. माझी पदवी, माझी नोकरी, माझी झोप, सगळं तिच्या त्या एका 'न्हाई'वर उभं आहे. तिचे माझ्यावर उपकार आहेत, असं मी चारचौघांत सांगते. तिला आवडत नाही, तरी सांगते.

बारसं लोहारांच्या घरी झालं. संपतला बहीण नव्हती. मालननं निरोप धाडला, आत्या म्हणून तुम्हीच या. मी नऊवारी नेसून गेले, आयुष्यात पहिल्यांदा. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, कोठावळेबाई पाळणा म्हणत होत्या, सर पुरुषांत एका कोपऱ्यात लवंग चघळत बसले होते. पोरगी पाळण्यात मुठी वळून झोपली होती. मुठीतला तळवा एवढासा, गुलाबी.

मी वाकले आणि तिच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, तनुजा. आता रीत अशी की आत्या नाव सांगायला वाकली की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. घातले. हलके हलके, हसत हसत. माझ्या रागाचा प्रसाद मिळालेल्या विभागातल्या दोघीतिघींनी जरा हिशेबानंच घातले.

आणि मग एक धपाटा असा पडला की माझं नाक पाळण्याच्या दांडीवर आपटता आपटता राहिलं. मी वळून पाहिलं. मालन उभी होती, ओटी भरलेली, डोकीवर पदर.

"अगं, आईनं कुठं घालायचा असतोय धपाटा?" तिची सासू ओरडली.

"ह्यो बारशाचा न्हाई," मालन म्हणाली. माझ्या कानाशी वाकून तिनं पुढचं सांगितलं, "ह्यो काचेबद्दल."

सगळं घर बघत होतं. पाठ झणझणत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

"अजून एक घाल," मी म्हटलं. "एकानं नाही फिटायचं."

"पुरं आता," मालन म्हणाली. "पोरगी जागी हुईल."